बारा महिने निरंक

सरकारी दवाखान्याच्या कागदांत एक शब्द फार चालतो. निरंक. महिनाअखेरीला तालुक्याला जे अहवाल जातात, त्यांतल्या ज्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसेल तिथं निरंक लिहायचं. सर्पदंश निरंक, साथरोग निरंक, तक्रारी निरंक. रकाना कोरा सोडला तर कागद परत येतो. निरंक लिहिलं की कुणी काही विचारत नाही. नोकरीत मी हा शब्द किती वेळा लिहिला आणि किती वेळा त्याच्याखाली सही केली, ते आता सांगता येणार नाही. एका वर्षाच्या बारा निरंकांबद्दल मात्र सांगता येईल. ते मी स्वतः लिहिले नव्हते, दुसऱ्याच्या सहीनं लिहून घेतले होते.

मी डॉक्टर. नोकरीची शेवटची वर्षं भोकर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. आता लातूरला राहतो. पत्नी जाऊन चार वर्षं झाली. मुलगी लांब आहे. रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. सकाळी उठलं की मी स्वतःचं बीपी मोजतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहितो. कुणाला दाखवायचं असतं अशातला भाग नाही. दवाखान्यात दुपारपर्यंत माणसं टेबलावर रेलून उभी असायची; एकाला तपासताना दुसरा आपली जीभ दाखवायचा. आता डबेवाला दाराला डबा अडकवून जातो. त्याला पायऱ्या उतरताना ऐकतो तेवढंच.

त्या केंद्रात एक परिचारिका होत्या. मी त्यांना सिस्टर म्हणायचो, बाकी सगळं गाव आपा म्हणायचं. त्यांचं घर देगलूरचं. वडिलांचं वह्यांच्या बांधणीचं दुकान होतं, त्यामुळे दरवर्षी त्यांच्यासाठी एक वही यायची: लांबट, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडाच्या पाठीची. त्या वहीत त्या केंद्रातल्या चुका लिहायच्या.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या परिपत्रकातही नव्हतं. पानावर पट्टीनं तीन रकाने आखलेले असायचे. काय झालं, कशामुळं झालं, काय केलं म्हणजे पुन्हा होणार नाही. "ताप आलेलं लेकरू दोन तास रांगेत बसलं. कारण रांग एकच आहे. लेकरांची रांग वेगळी करावी." "बाळंतिणीला रक्ताचा कागद मिळाला नाही, दुसरीचा गेला. कारण दोघींची नावं सारखी. कागदावर नवऱ्याचं नाव लिहावं." अशा नोंदी. चूक कुणाची, ते त्या कधीच लिहीत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नाव लिहिलं की लोक लपवायला लागतात, सर. मग मला कळणार कसं?"

औषधवाटपाचा आमचा फार्मासिस्ट थट्टेखोर होता. तो म्हणायचा, "आपा, नाव न लिहिता बी सगळं माझंच लिहून राहिलात तुम्ही. आता माझा फोटोच चिकटवा."

"तुमचा फोटो लावला तर वही कोण उघडेल?" त्या म्हणायच्या, आणि इंजेक्शनच्या खोलीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

खरं सांगायचं तर त्या वहीमुळे केंद्र सुधारत होतं. लेकरांची रांग वेगळी झाली. कागदावर नवऱ्याचं नाव आलं. श्रेय मला मिळत होतं आणि मी ते घेत होतो. वही मात्र मला आवडत नव्हती. संध्याकाळी त्या सहीसाठी ती टेबलावर ठेवायच्या, तेव्हा कुणीतरी माझी हजेरी घेतंय असं वाटायचं. मी न वाचता सही करायचो.

मग आमच्या केंद्राची गुणवत्ता मानांकनासाठी निवड झाली. भिंतींना रंग लागला, बागेत कुंड्या आल्या, प्रत्येक खोलीवर पाटी, कचऱ्याला लाल, पिवळे, काळे डबे. तपासणीची जी मोठी यादी आली होती तिच्यात एक प्रश्न असा होता की, केंद्रात घडणाऱ्या चुकांची नोंद ठेवली जाते का. मी तो वाचला आणि मला आठवली ती लाल पाठीची वही. वर्षभराच्या चुका, एकेक तारखेनिशी. परक्या जिल्ह्याचे तपासनीस ते वाचणार! मी घाबरलो.

आज हे हास्यास्पद वाटतं. त्या प्रश्नाचं आमच्याइतकं चांगलं उत्तर आसपासच्या कुठल्याही केंद्राकडे नसेल. ते लोक नेमकी तशीच वही शोधत होते. पण ज्याचा जन्म निरंक लिहिण्यात गेला, त्याला भरलेला रकाना म्हणजे गुन्ह्याची कबुलीच वाटणार. मी वही माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. एक नवी नोंदवही आणवली, वर सुबक अक्षरात 'घटना नोंदवही' लिहून घेतलं आणि सिस्टरांना बोलावलं.

"यात वर्षाच्या बारा महिन्यांचं निरंक लिहा आणि सह्या करा."

त्या उभ्याच राहिल्या. "सर, निरंक कसं? आपली वही हाय की."

"ती आपली घरची वही. ही साहेबांना दाखवायची."

"पण सर, ते गोळ्यांचं अजून झालं न्हाई. तीनदा लिहिलंय मी."

"तपासणी होऊ द्या, मग बघू. सगळ्या केंद्राचा प्रश्न आहे, सिस्टर. तुमच्या एका वहीपायी सगळ्यांची मेहनत पाण्यात घालायची का?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि एकाच पेनानं बारा वेळा निरंक लिहिलं, बारा सह्या केल्या. पेन बंद करताना त्यांनी टोपण दोनदा दाबलं, एवढं मला आठवतं.

तपासणीला आलेल्या बाई हुशार होत्या. नोंदवही चाळून म्हणाल्या, "डॉक्टर, वर्षभरात एकही चूक नाही? असं केंद्र मी तरी पाहिलं नाही." मी हसून म्हटलं, "स्टाफ चांगला आहे, मॅडम." त्यांनी त्या प्रश्नाचे गुण कापले. बाकीचे भरपूर मिळाले. मानांकन मिळालं, प्रमाणपत्र चौकटीत बसवून माझ्या खुर्चीच्या मागं टांगलं.

ते गोळ्यांचं म्हणजे काय, ते आता सांगतो. त्या वर्षी जो औषधसाठा आला त्यात बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा सारख्या होत्या. तीच चंदेरी पन्नी, तीच निळी बारीक अक्षरं, आकारही तोच. वाटपाच्या खिडकीशी दोन्ही डबे शेजारी शेजारी. सिस्टरांनी तीन वेळा लिहिलं होतं: दोन्ही गोळ्या सारख्या दिसतात, हातात चुकीची येते, दोनदा ऐन वेळी लक्षात आलं, डबे वेगळ्या फळीवर ठेवून मध्ये पुठ्ठा लावावा. तिन्ही नोंदींखाली माझी सही आहे.

प्रमाणपत्र लागून महिना झाला नसेल. फार्मासिस्ट बहिणीच्या घरच्या लग्नाला शिरूर अनंतपाळला गेलेला. बाजाराचा दिवस, गर्दी. मीच सिस्टरांना म्हटलं, आज खिडकीवर तुम्ही बसा. इंजेक्शनं, ड्रेसिंग आणि खिडकी, तिन्ही त्यांच्याकडे. गावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक बाई बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. त्यांच्या पिशवीत शुगरच्या गोळ्या गेल्या. त्यांना शुगर नव्हतीच. त्यांनी त्या नेमानं घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या चुलीपाशी पडलेल्या सापडल्या. आमच्याकडे आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. सिस्टरांनी पिशवीतली स्ट्रिप बघितली आणि मला न विचारता सलाईनमधून साखर सुरू केली. मग नांदेडला नेलं.

बाई वाचल्या. पण बेशुद्धी फार वेळ टिकली होती. पुढं त्यांना भांडं चुलीवर ठेवलेलं आठवेना, पोरांची नावं आठवेनात. शाळेतलं काम गेलं. त्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या, कशाला आलो ते विसरून.

बाईंना नांदेडला नेलं त्याच संध्याकाळी मी स्वतः दोन्ही डबे वेगळ्या फळ्यांवर ठेवले आणि मध्ये पुठ्ठा खिळ्यानं ठोकला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

चौकशी नांदेडला झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं अधिकारी, अलीकडे आम्ही दोघं. मधल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "गोळ्या सारख्या दिसतात हे तुम्हाला माहीत होतं का?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "तीन वेळा वहीत लिहिलं होतं."

"कुठाय ती वही?"

"सरांकडे."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती, मांडीला टोचत होती.

"अशी कुठली वही केंद्रात नाही," मी म्हणालो. "नोंदवही आहे ती ही."

त्यांनी घटना नोंदवही उघडली. बारा निरंक. "ही सही तुमची?"

सिस्टरांनी वाकून पाहिलं. मला वाटलं, आता त्या सगळं सांगतील, कुणी लिहायला लावलं ते. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सही माझीच हाय."

मला इथं लिहायला आवडलं असतं की, वरून दबाव होता. नव्हता. कुणाचा फोन आला नाही, कुणी धमकावलं नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि मला नाव राखून घरी जायचं होतं, बस. सिस्टरांच्या सेवापुस्तकात शेरा पडला: धोक्याची पूर्वसूचना न देणे व हलगर्जीपणा, आणि वरिष्ठांविषयी खोटं विधान. दुसरा भाग माझ्या एका वाक्यानं लिहिला गेला. त्यांची बदली किनवटकडे झाली. जाताना त्या भेटायला आल्या नाहीत. फार्मासिस्टानं खिडकीवर थट्टा करणं सोडलं. माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा.

वही मी घरी आणली. जाळावी असं अनेकदा वाटलं. का जाळली नाही ते मला सांगता येत नाही. धाडस नव्हतं, एवढं खरं. लातूरला आल्यावर एकदा पत्नीनं कपाट आवरायला काढलं. ती शाळेत शिक्षिका होती, तिला कुणाचंही अक्षर वाचल्याशिवाय राहवत नसे. मी बाहेरून आलो तर ती पलंगावर बसून वही वाचत होती. जेवताना विचारलं, "त्या आपांचं पुढं काय झालं हो?"

"बदली झाली," मी म्हटलं.

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही. वही जागच्या जागी ठेवली होती. त्यानंतर सहा वर्षं पत्नी माझ्यासोबत होती. आम्ही बोलायचो, भाजीचं, मुलीचं, पाण्याच्या पाळीचं. मी वाट बघत होतो ती विचारेल म्हणून, आणि ती बहुतेक वाट बघत होती मी सांगेन म्हणून. माणूस घरात असताना एकटं पडणं काय असतं, ते तेव्हा कळलं. आताचं एकटेपण त्यापेक्षा सोपं आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या फार्मासिस्टाचा फोन आला. इतक्या वर्षांनी.

"सर, आपा जूनमध्ये रिटायर होऊन राहिल्या. सध्या रजेवर देगलूरला हायत. म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

"बरं झालं. सत्कार वगैरे?"

"न्हाई म्हणून राहिल्या. सेवापुस्तकात डाग घेऊन हार घालणार न्हाई म्हणतात. मधी ट्रेनिंग सेंटरला पोरींना शिकवायला बोलावणार होते त्यांना, शेरा बघून नाव कापलं. सर, ती वही हाय का हो?"

मी हो म्हणालो. त्या वहीबद्दल अकरा वर्षांत मी पहिल्यांदा कुणाला तरी हो म्हणालो. "सांगतो आपांना," तो म्हणाला. मग त्यानं फोन ठेवला.

चार दिवसांनी मी वही पिशवीत घातली आणि उदगीरमार्गे देगलूरच्या बसमध्ये बसलो. मागच्या बाकावर दोन बाया तेलुगूत भांडत होत्या की हसत होत्या, मला समजेना. मी रस्ताभर माफीची वाक्यं जुळवत होतो.

आपांचं घर वडिलांच्या दुकानाच्या मागेच होतं. दुकान आता भाऊ चालवतो. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"आणली का?" त्यांनी विचारलं.

आत बसवलं. पाणी दिलं. वही हातात घेऊन आधी तिची पाठ चाचपली, शिवण तपासली, मग पानं उलटली. तिन्ही नोंदी त्यांना न शोधता सापडल्या. तिसरीवर त्यांनी बोट ठेवलं.

"सिस्टर," मी सुरुवात केली, "माझ्याकडून त्या वेळी जे..."

"सर, ते नंतर," त्यांनी थांबवलं. "मला जूनच्या आत शेरा काढल्याचा कागद पाहिजे. तेवढं होईल का सांगा."

"होईल. मी लिहून देतो. वही ठेवून घ्या, तुम्ही हजर करा."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "मी न्हाई. मी दाखवली तर म्हणतील, घरी बसून लिहिली. ज्यानं न्हाई म्हटलं, त्याच्याच पिशवीतून निघू द्या."

आतून त्यांच्या भावजयीनं विचारलं, "आपा, चाय ठेवू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "सरांना बस हाय."

बसला दीड तास होता. मी स्टँडवर बसून राहिलो.

मी प्रतिज्ञापत्र केलं, त्यांनी अपील केलं. एप्रिलमध्ये नांदेडला बोलावलं. खोली दुसरी होती, टेबल दुसरं, पलीकडे एक तरुण अधिकारी एकटाच. आपा माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. मी वही काढली, टेबलावर ठेवली. त्यानं नोंदी वाचल्या, सह्या ताडून पाहिल्या.

"ही वही इतकी वर्षं कुठं होती?"

"माझ्या कपाटात."

"चौकशीच्या दिवशी?"

"माझ्या कपाटात. किल्ली खिशात होती."

त्यानं मान वर केली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग वही नाही असं का सांगितलं?"

"भीती वाटली," मी म्हणालो. यापेक्षा चांगलं उत्तर मी अकरा वर्षांत शोधू शकलो नव्हतो. त्यानं ते लिहून घेतलं की नाही, कळलं नाही. आपा सरळ समोर बघत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी बुरख्याचं बटण लावलं, मला मानेनं सलाम केला आणि जिना उतरून गेल्या.

मेच्या शेवटी आदेश निघाला. त्याची एक प्रत माहितीसाठी मलाही आली. सदर परिचारिकेच्या सेवापुस्तकातील प्रतिकूल शेरा काढून टाकण्यात येत आहे. मी ते दोनदा वाचलं. संध्याकाळी फोन लावला.

"मिळालं का, सिस्टर?"

"मिळालं, सर."

"आता सत्कार घेणार ना?"

"बघू. खिचडीवाल्या बाईंकडं मी मधून मधून जाते. त्या नांदेडला लेकाकडं असतात. मला ओळखत न्हाईत. तुम्ही कधी गेलात का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. सत्कार झाला असं फार्मासिस्टाकडून कळलं. मला बोलावणं नव्हतं आणि ते बरोबरच होतं. जुलैमध्ये मी त्या बाईंच्या घरी जाऊन आलो. मुलानं बसायला खुर्ची दिली, मी कोण ते विचारलं. मी सांगितलं. तो उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही. बाई माझ्या हातातली केळी बघून हसल्या.

आदेशाचा कागद माझ्या टेबलावर आहे. त्यात सगळं नीट आहे, एक ओळ सोडून. शेरा का काढला याचं कारण देताना लिहिलंय की, संबंधित वही 'तत्कालीन वैद्यकीय अधिकारी यांच्या नजरचुकीने' चौकशीत सादर होऊ शकली नाही. त्या तरुण अधिकाऱ्याला माझ्या वयाची दया आली असेल, किंवा कचेरीत अशा गोष्टींसाठी तोच एक शब्द तयार असेल. मी त्या ओळीविरुद्ध अर्ज केला. उत्तर आलं, आपल्यावर कोणताही प्रतिकूल शेरा नसल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही.

म्हणून हे इथं लिहितो आहे, कचेरी लिहीत नाही तर मी. नजरचूक नव्हती. मला वही कुठं आहे ते माहीत होतं, तिच्यात काय आहे ते माहीत होतं, आणि समोर बसलेली बाई खरं बोलते आहे हेही माहीत होतं. मी तिच्या तोंडावर खोटं बोललो.